पोहोच झाली, दराचं काय? : ग्रामीण दूरध्वनी आणि नियमनाची भाषा



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला मोबाईलच्या रिचार्जशी काय देणं-घेणं? आम्हाला ते देणं-घेणं आहे, कारण हा सारा व्यवहार शेवटी दोन विशेषणांवर उभा आहे. विशेषणांचे अर्थ तपासणं हा आमचा जुना धंदा. ती विशेषणं म्हणजे ‘परवडणारा’ आणि ‘वाजवी’. खेड्यातल्या माणसाला टेलिफोन मिळेल आणि तो या दोन विशेषणांत बसेल अशा दरात मिळेल, असं आपल्या कायद्यानं एकदा लिहून दिलं होतं. त्या लेखी शब्दाचं पुढे काय झालं, त्याची ही टीका आहे. कुणा एका कंपनीवर किंवा सरकारवर आम्हाला तोफ डागायची नाही. आम्ही मजकूर वाचणार आहोत आणि तो जमिनीवर कसा उतरला ते पाहणार आहोत.

पहिला मजकूर. आपला टेलिग्राफ कायदा १८८५ चा. इंग्रजांनी तो केला तेव्हा खेड्यातल्या माणसाच्या सोयीचा विचार त्यात असण्याचं कारणच नव्हतं. त्यात २००३ साली दुरुस्ती झाली आणि ‘सार्वत्रिक सेवा दायित्व’ हा शब्दप्रयोग कायद्यात आला. त्याची व्याख्या थोडक्यात अशी : ग्रामीण व दुर्गम भागांतील लोकांना परवडणाऱ्या आणि वाजवी दरात मूलभूत दूरसंचार सेवा उपलब्ध करून देण्याचं दायित्व. त्यासाठी वेगळा निधी झाला. पुढे २००६ च्या दुरुस्तीत ‘मूलभूत’ हा शब्द वगळला गेला, म्हणजे मोबाईल टॉवरलाही त्या निधीतून मदत देता येऊ लागली. हे योग्यच झालं.

या व्याख्येत दोन गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घ्या. एक, सेवा पोहोचली पाहिजे. दोन, तिचा दर परवडणारा आणि वाजवी पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच आहे की, पहिली गोष्ट आपण बऱ्यापैकी केली, आणि ती करता करता दुसरी गोष्ट हातातून सुटली. सुटली ती कुणी ठरवून सोडली असंही नाही. पण सुटल्याची नोंदही कुणी घेतली नाही.

आधी जे झालं त्याचं श्रेय देऊ या. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिच्या अभियंत्यांनी खेड्यासाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ आणि उन्हाळा सोसून चालणारं ते यंत्र १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला प्रथम बसलं. त्यानंतर आले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना रात्री अकरानंतर स्वस्त दरात बोलायला लागलेली रांग आठवत असेल. १९९४ च्या दूरसंचार धोरणानं १९९७ पर्यंत सगळी खेडी जोडण्याचं वचन दिलं, ते पाळलं गेलं नाही. १९९९ च्या धोरणानं २०१० पर्यंत खेड्यात शंभर माणसांमागे चार टेलिफोन असं उद्दिष्ट ठेवलं. प्रत्यक्षात २०१० साली तो आकडा विसाच्या वर गेला होता. सरकारी उद्दिष्टाच्या पाचपट काम झाल्याची उदाहरणं या देशात फार नाहीत. आज ग्रामीण भागात शंभरामागे साठच्या आसपास जोडण्या आहेत. शहरात मात्र त्या सव्वाशेच्या पुढे आहेत, म्हणजे अंतर आहेच. तरीही धडगाव, मेळघाट, भामरागड अशा भागांतले नेटवर्कचे प्रश्न बाजूला ठेवले तर ‘टॉवरच नाही’ ही तक्रार आज बहुसंख्य खेड्यांची उरलेली नाही.

आता त्या दोन विशेषणांकडे वळू. सरकारी भाषेत ती जोडीनं येतात, ‘साधा आणि सरळ’ म्हणावं तशी, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोन्हींचा अर्थ एकच. तसं नाही. ‘परवडणारा’ हा शब्द घेणाऱ्याच्या खिशाकडे पाहतो. ‘वाजवी’ हा शब्द दिलेल्या वस्तूकडे, तिच्या खर्चाकडे आणि इतरांना लावलेल्या दराकडे पाहतो. एखादी गोष्ट परवडणारी असून गैरवाजवी असू शकते. आठ आण्यांची वस्तू रुपयाला विकली तर रुपया परवडतो, पण भाव वाजवी नसतो. उलट, वाजवी असून न परवडणारी वस्तू तर आपण रोज पाहतो. म्हणून कायद्यानं दोन शब्द घातले तेव्हा दोन कसोट्या घातल्या. दोन्ही लावायच्या आहेत.

लँडलाइनच्या काळात त्या कशा लावल्या जात होत्या? त्या काळचं टेलिफोनचं भाडं एक्स्चेंजच्या आकारावर ठरे. छोट्या एक्स्चेंजला भाडं कमी, मोठ्याला जास्त. वरवर पाहता ही सवलत वाटते, पण तिच्यामागे विचार होता. ज्याच्या एक्स्चेंजवर शंभर फोन, तो स्थानिक दरात शंभरांशीच बोलू शकतो. मुंबईकर लाखोंशी बोलतो. ज्याला कमी मिळतं त्यानं कमी द्यावं, ही झाली ‘वाजवी’ची कसोटी. ट्राय म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ मध्ये स्थापन झालं. त्यानं १९९९ चा दर-आदेश काढला तेव्हा लांब पल्ल्याचे दर खाली आणले, भाडी वर नेली, पण ग्रामीण ग्राहकाला वेगळं ठेवलं. २००३ पासून काही वर्षं ‘अ‍ॅक्सेस डेफिसिट चार्ज’ नावाची आकारणी होती. खर्चापेक्षा कमी भाड्यात फोन देणाऱ्या सरकारी कंपनीची तूट इतरांकडून भरून काढण्याची ती व्यवस्था होती. ती २००८ मध्ये संपली.

आणि गंमत पाहा. ग्रामीण लँडलाइनचा दर आजही नियमनाखाली आहे! दूरसंचार क्षेत्रात ज्या मोजक्या दरांवर नियामकाचा थेट हात उरला आहे, त्यांत तो येतो. पण खेड्यात लँडलाइन उरलीय किती? खेड्याचा टेलिफोन आता मोबाईल आहे, आणि मोबाईलच्या दरांबाबत २००२-०३ च्या सुमारास नियामकानं ‘फॉरबेअरन्स’ स्वीकारलं. म्हणजे दर कंपन्यांनी ठरवावेत, आम्ही लक्ष ठेवू. थोडक्यात, राखणदार जुन्या वाड्याच्या दारात उभा आहे आणि घरची माणसं केव्हाच दुसरीकडे राहायला गेली आहेत.

न्यायानं बोलायचं तर हे धोरण पहिली पंधरा वर्षं फळलं. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे घेणं बंद झालं. कंपन्यांच्या चढाओढीत दर पैशांवर आले. २००५-०६ च्या सुमारास ‘आजीवन’ योजना निघाल्या : एकदा पैसे भरा, फोन येत राहतील. गरिबानं त्या स्वस्ताईत स्वतःची एक भाषाही तयार केली, मिस कॉलची. एक मिस कॉल म्हणजे ‘पोचलो’. दोन म्हणजे ‘तू फोन कर’. मुलगा पुण्यात कामाला, आई गावाकडे; तिच्या फोनमध्ये पाच रुपये नसले तरी चालत होतं, कारण फोन यायला पैसे लागत नव्हते.

ही व्यवस्था मोडली २०१८ च्या अखेरीस. मोठ्या कंपन्यांनी ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आणलं. ते न केल्यास आधी जाणारे कॉल बंद, काही दिवसांनी येणारेही बंद. ज्याला आपण पूर्वी भाडं म्हणत होतो, तेच भाडं मोबाईलला लागू झालं. नाव फक्त ‘व्हॅलिडिटी’. लँडलाइनच्या भाड्यावर नियामकाचा हात होता, या भाड्यावर नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तीन खासगी कंपन्यांच्या, अमर्याद कॉल देणाऱ्या २८ दिवसांच्या सर्वांत खालच्या योजना १८९ ते १९९ रुपयांवर गेल्या. आणि महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला रिचार्ज बारा नाहीत, तेरा. (२०२२ मध्ये ट्रायनं किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी ठेवायला सांगितलं, पण २८ चा प्रघात गेला नाही.)

हिशेब मांडू. तेरा रिचार्ज म्हणजे वर्षाला सुमारे अडीच हजार रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. म्हणजे एक फोन नुसता जिवंत ठेवायला आठ-नऊ दिवसांची मजुरी. घरात तीन फोन असतील तर पंचवीस दिवसांची. बटणांचा साधा फोन येतो हजार-दीड हजाराला, आणि त्याला वर्षाला अडीच हजारांचं खाद्य. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आता एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो : “भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्त देशांपैकी एक आहे, मग तक्रार कशाची?” प्रश्न चांगला आहे. जीबीमागे भाव काढला तर चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण जीबीमागचा भाव हा जीबी वापरणाऱ्याचा भाव. ज्याच्या हातात बटणांचा फोन आहे, त्याच्यासाठी जीबीचा भाव शून्य असला काय आणि शंभर असला काय! त्याला हवा आहे आवाज. तो त्याला २०२४ पर्यंत एकटा मिळत नव्हता, डेटा घेतला तरच मिळत होता. या प्रकाराला आपल्या शेतकऱ्यांकडे चपखल शब्द आहे : लिंकिंग. खरिपाच्या तोंडावर युरिया मागायला गेलेल्याला दुकानदार सांगतो, सोबत ही बाटली घ्यावी लागेल. कृषी खातं त्याला गैर म्हणतं, परवाने रद्द करण्याचे इशारे देतं. तोच व्यवहार टेलिफोनात झाला की त्याला ‘पॅक’ म्हणतात. एका कंपनीची साध्या फोनसाठी स्वस्त योजना आहे, पण ती तिच्याच हँडसेटला बांधलेली आहे. तेही लिंकिंगच. सरकारी कंपनीचे दर कमी आहेत हे खरं, पण तिचं नेटवर्क जिथं लागत नाही तिथं तो दर कागदावरच राहतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

म्हणजे ही फिर्याद मुळात ‘परवडणारा’ या शब्दाखालची नाही, ती ‘वाजवी’ या शब्दाखालची आहे. जे घेताच येत नाही त्याची किंमत मोजायला लावणं हे श्रीमंतालाही गैरवाजवी. गरिबाला ते वर न परवडणारंही.

इथं दुसरा मजकूर येतो. ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक-संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. देशात सुमारे पंधरा कोटी ग्राहक अजून साधे फोन वापरतात, हे नमूद करून कंपन्यांना सांगितलं की, फक्त कॉल आणि एसएमएसचं किमान एक व्हाउचर ठेवा. अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. रोग बरोबर ओळखला, याबद्दल नियामकाचं अभिनंदनच केलं पाहिजे. पण औषधाची चिठ्ठी वाचा. किमान एक व्हाउचर ठेवा, हे सांगितलं. केवढ्याला, हे सांगितलं नाही. किमान किती दिवसांचं, तेही नाही.

पुढे काय झालं? एका मोठ्या कंपनीची ८४ दिवसांची योजना होती ५०९ रुपयांची, त्यात ६ जीबी डेटा होता. डेटा काढून टाकला आणि नवी किंमत झाली ४९९. सहा जीबी सोडल्याबद्दल दहा रुपये सूट! टीका झाली, नियामकानं तपासतो म्हटलं, मग ती ४६९ झाली. याच काळात एक जीबीचं एका दिवसाचं व्हाउचर २२ रुपयांना विकलं जात होतं. म्हणजे डेटा विकत घ्या तर एका जीबीला २२ रुपये, आणि परत करा तर सहा जीबीचे दहा. ‘वाजवी’ या शब्दाची याहून सोपी परीक्षा आम्हाला सुचत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. सरासरी काढली तर ८४ दिवसांना ४६९ रुपये हा दर २८ दिवसांच्या १९९ पेक्षा नक्कीच स्वस्त. पण रोजावर जगणाऱ्याचा प्रश्न सरासरीचा नसतो, हप्त्याचा असतो. तो पाव किलो तेल घेतो, पंधरा किलोचा डबा घेत नाही, आणि म्हणूनच त्याला तेल महाग पडतं. हे ज्याला कळत नाही त्यानं कधी उधारीच्या वहीवर महिना काढलेला नाही. स्वस्त आवाज तीन महिन्यांच्या एकरकमी पैशांमागे ठेवला की, ज्याच्यासाठी तो काढला त्याच्याच हाताला लागत नाही.

या ठिकाणी आमच्या विषयातला एक माणूस आठवतो. फ्रँक रॅम्सी, केंब्रिजचा तत्त्वज्ञ आणि गणिती. विटगेन्श्टाइनच्या ‘ट्रॅक्टेटस’च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा मोठा हात होता. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. १९२७ साली त्यानं करआकारणीवर एक निबंध लिहिला. त्यातून पुढे जे सूत्र निघालं ते रेल्वे, वीज, टेलिफोन यांच्या दरांना जगभर लावलं गेलं. सूत्र ढोबळमानानं असं : दर वाढला तरी ज्याची मागणी घटत नाही, त्याच्याकडून जास्त घ्या, म्हणजे एकूण नुकसान कमी. गणित अचूक आहे. पण मागणी घटत नाही ती कुणाची? ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याची. ज्याच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते त्याची. मुलगा परगावी आहे त्या म्हातारीची. रॅम्सी स्वतः प्रामाणिक होता. पैशाची वाटणी कुणात कशी होते आणि गरिबाला रुपयाची किंमत किती, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आहे, असं त्यानं आरंभीच सांगून टाकलं. सूत्र वापरणारे सूत्र घेऊन गेले, आरंभीचं वाक्य तिथंच राहिलं. नियामकाचं काम नेमकं त्या राहिलेल्या वाक्यापासून सुरू होतं.

कुणी म्हणेल, फोन ही चैन आहे, परवडत नसेल तर वापरू नका. हे म्हणण्याचा अधिकार सरकारला तरी उरलेला नाही. पीएम-किसानच्या ई-केवायसीला ओटीपी लागतो. लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं, तिथंही ओटीपी. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपवर. ज्या बाईला महिन्याला दीड हजार रुपये मिळायचे, तिला ते मिळवण्यासाठी आधी नंबर जिवंत ठेवावा लागतो. नंबर बंद पडला तर काही काळानं तो दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि मग बँक, आधार, गॅस सगळीकडे धावाधाव. सरकारनं जी गोष्ट हक्काची पायरी केली, तिचा दर केवळ बाजाराची बाब म्हणता येत नाही. सरकारी दवाखान्याच्या दाराशी खासगी टोलनाका बसवून, टोल हा आमचा विषय नाही, असं म्हणण्यासारखं ते आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खेड्यात टॉवर महाग पडतो, वीज जाते, डिझेल जाळावं लागतं, ग्राहक विरळ आणि कमी खर्च करणारे. खरं आहे. पण नेमकी हीच तूट भरून काढण्यासाठी निधी आहे! कंपन्यांच्या समायोजित महसुलावर पाच टक्के सार्वत्रिक सेवेची आकारणी होते. ती ग्राहकाच्या बिलातूनच येते, म्हातारीच्या रिचार्जमधूनही येते. हा पैसा आधी देशाच्या एकत्रित निधीत जातो, तिथून संसदेच्या मंजुरीनं या निधीत येतो. त्यातले हजारो कोटी वर्षानुवर्षं खर्चाविना राहिले. जे खर्च झाले ते बहुतांशी तारा, टॉवर आणि भारतनेटची फायबर यांवर. दराकडे ते फारसे आले नाहीत.

आता तिसरा मजकूर. दूरसंचार कायदा २०२३. त्यानं १८८५ चा कायदा बदलला. जून २०२४ पासून त्या निधीचं नाव झालं ‘डिजिटल भारत निधी’. निधी कशासाठी वापरायचा, त्याच्या उद्दिष्टांचं कलम आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. वंचित ग्रामीण, दुर्गम आणि शहरी भागांत सेवेची पोहोच वाढवणं, हे आहे. ‘शहरी’ शब्दाची भर स्वागतार्ह, झोपडपट्टीतला माणूस आत आला. संशोधन आहे, पथदर्शी प्रकल्प आहेत, नवं तंत्रज्ञान आहे. आपली दोन विशेषणं मात्र त्या कलमात नाहीत. परवडण्याचा उल्लेख खाली नियमांत येतो, अनेक निकषांपैकी एक म्हणून. जे दायित्वाच्या व्याख्येत होतं ते यादीतल्या एका निकषावर आलं. कायद्यातून नियमात शब्द उतरला की त्याचं वजनही उतरतं. कायदा संसद बदलते, नियम मंत्रालय बदलतं.

अमेरिकेत, जिथं बाजाराचं कौतुक आपल्याहून जास्त आहे, तिथं १९९६ च्या कायद्यात ग्रामीण ग्राहकाला शहराशी ‘वाजवीरीत्या तुलनीय’ दर मिळावेत हे तत्त्व शब्दांत लिहिलेलं आहे. गरिबाच्या फोनसाठी ‘लाइफलाइन’ ही मासिक सवलत १९८५ पासून चालू आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या साऱ्यामागची निधीव्यवस्था घटनाबाह्य नाही असा निर्वाळा दिला. त्या देशाची नक्कल करा असं आम्ही म्हणत नाही. दराबद्दलचं तत्त्व कायद्यात लिहिता येतं आणि त्यानं बाजार बुडत नाही, एवढंच दाखवायचं आहे.

मग करायचं काय? आम्हाला तीन गोष्टी सुचतात. एक : नंबर जिवंत ठेवण्याचा दर, म्हणजे फोन येत राहतील आणि ओटीपी येईल एवढ्यापुरता दर, हा ग्रामीण भाड्याचा आजचा अवतार समजून नियमनाखाली आणावा. बाकी सगळे दर कंपन्यांनी खुशाल ठरवावेत. दोन : फक्त आवाजाचं व्हाउचर महिन्याच्या मुदतीतही मिळालं पाहिजे, आणि डेटा वगळल्याची सूट डेटाच्या विक्रीदराशी सुसंगत हवी. तीन : यातून खरोखर तूट येत असेल तर ती निधीतून भरावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. ट्राय कायद्याच्या कलम ११ मध्ये दर ठरवण्याचा अधिकार आहे. वेगवेगळ्या वर्गांतल्या व्यक्तींसाठी वेगवेगळे दर ठरवण्याचाही आहे, फक्त कारणं नोंदवावी लागतात. फॉरबेअरन्स म्हणजे अधिकार सोडणं नव्हे, तो वापरण्याचं थांबवणं. जे थांबवलं ते पुन्हा सुरू करता येतं.

शेवटचा मुद्दा. हे सगळं खेड्यावर उपकार म्हणून मागायचं नाही. टेलिफोन ही एकट्यानं वापरायची वस्तू नाही. जगात एकच टेलिफोन असता तर त्याची किंमत शून्य असती. गावातल्या आईचा फोन बंद पडतो तेव्हा पुण्यातल्या मुलाच्या फोनमधूनही एक माणूस कमी होतो, आणि त्याचा रिचार्ज तर भरलेला असतो. तेव्हा तिचा फोन चालू राहण्यात त्याचाही हिस्सा आहे, आपला सर्वांचा आहे. १८८५ च्या कायद्यात २००३ मध्ये घातलेली दोन विशेषणं २०२३ च्या कायद्याच्या व्याख्येत परत घाला, एवढी मागणी आपापल्या खासदारांकडे लेखी करता येईल. पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं, आणि टपालाचा हा दर भामरागडला आणि मुंबईला सारखाच आहे.